गाण्यातला उंबरा

ओर्फाला गोवर निघाला होता, म्हणून ती त्या संध्याकाळी लवकर अंथरुणात पडली होती, आणि अंथरूण होतं स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. कोळशाच्या खाणीच्या कंपनीने बांधलेली घरं ती. फळ्यांच्या भिंती, फटी बुजवायला वर जुनी वर्तमानपत्रं चिकटवलेली. पलीकडे कुणी सुस्कारा टाकला तरी अलीकडे ऐकू यायचा. पलीकडे डॅडी टबात बसला होता आणि मम्मी त्याची पाठ घासत होती. हे रोजचंच. पण आज घासण्यात राग होता, ब्रशच्या आवाजावरूनच कळत होतं.

“का-काढून टाक तो थां-थांबा,” मम्मी म्हणाली.

“हळू घास बाई. कोळसा कंपनीचा असला तरी कातडं माझं आहे.”

“लो-लोक हसतात. चांगलं चा-चाललेलं गाणं मध्येच उभं राहतं.”

“हसतात ते मला. एनॉस स्टिल्टनरची छाती गेली, ओळ संपली की दम घ्यावा लागतो म्हणतात. हसू देत की.”

“तुझी छा-छाती? बैल आहेस तू बै-बैल!”

“ते तुला ठाऊक आणि मला ठाऊक. बाहेर कशाला सांगायचं? तू तुझा वेळ घे. शब्द सापडला की आत ये. मी गिटार धरून उभाच आहे ना.”

ब्रश थांबला. बराच वेळ नुसतं पाणी हलल्याचा आवाज. मग मम्मी म्हणाली, “ऊ-ऊठ आता. पाणी गार झालं.”

तेवढंच ते भांडण. पण ओर्फा तापातही टक्क जागी झाली. ती आठ-नऊ वर्षांची असेल, तरी तिला एवढं समजलं की ही गोष्ट दोन माणसांची आहे आणि आपण उगाच तिसरे झालो.

मम्मी, म्हणजे डेसी स्टिल्टनर, अडखळायची. घरात कसंबसं बोलायची, घराबाहेर ओठ मिटून. खोऱ्यातल्या बायका म्हणत, डेसीला फार गर्व आहे, साधं ‘कशी आहेस’ विचारलं तर मान हलवते. दुकानात ती स्वतः जात नसे. “ओर्फा, दु-दुकान,” एवढं म्हणायची आणि पोर धावायची, तोंडाने पीठ, कॉफी, रॉकेल घोकत. शनिवारी त्यात पेपरमिंटची एक कांडी असायची, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. शनिवारी मम्मी गायची आणि गाण्याआधी ती कांडी गालात धरायची. जीभ मोकळी होते म्हणे.

गाण्यात एकदा शिरली की ती ओढ्यासारखी वाहायची. कुठे खडा नाही की गोटा नाही. अडचण होती ती शिरण्याचीच. पहिला शब्द दाराशी येऊन अडायचा.

एनॉसने मग काय केलं, तर गाणीच तशी बांधली. इतर बँडची गाणी कशी असतात? कडवं, मग पालुपद, पुन्हा कडवं, पुन्हा तेच पालुपद, मध्ये फिडलवाल्याला थोडी हौस भागवू द्यायची, की झालं. एनॉसच्या गाण्यांत पालुपद नव्हतंच. तीन ओळी पुरुषाच्या. तो आपलं रडगाणं गाणार. मग सगळी वाद्यं दोन मात्रा जागच्या जागी थबकणार, फक्त उभं मोठं बास खाली हुंकार देत राहणार. आणि मग चौथी ओळ, बाईची, एकटीची. ती त्याला घरात घेणार. प्रत्येक कडव्याला तिचं उत्तर वेगळं. सगळ्यांना तोंडपाठ असलेलं ते गाणं असं होतं,

जाताना डोक्यावर तारे होते,
येताना डोक्यावर तारे होते,
ऊन कसं असतं ते विसरलो गं…

इथे थांबायचं. मग डेसीचा आवाज यायचा,

चुलीवर ठेवलंय झाकून, ये, घे.

त्या थांबण्याला आमच्या खोऱ्यात ‘उंबरा’ म्हणत. गाणं दारापर्यंत येतं, उंबऱ्यावर बूट झटकतं, मग आत शिरतं. नाचणाऱ्यांनी तर त्याची सवयच करून घेतली. उंबरा आला की उजवी टाच उचलून धरायची, बाईचा आवाज आला की आपटायची. शंभर टाचा एकदम खाली आल्या की खिडक्या वाजायच्या. बाहेरून नवी सून आली की पहिल्या शनिवारी तिचं तोंड नवऱ्याच्या छातीवर आपटायचंच. तो थांबलेला, ती चाललेली. त्यावरून ओळखायचे, ही आपल्या खोऱ्यातली नाही.

का थांबतात, असं कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं. एनॉसच्या छातीत कोळसा बसलाय. त्या उत्तराला लोक हसत, पण टोचून नव्हे, कारण अर्ध्या खोऱ्याच्या छातीत तोच बसला होता. हळूहळू लोक त्याचा अभिमानच बाळगू लागले. पुढे एनॉसची छाती खरोखरच गेली. खाणीत उतरणाऱ्याने असली थाप मारू नये. तो गेला, काही वर्षांनी डेसी गेली, आणि चौथी ओळ ओर्फाकडे आली.

बास तिच्याकडे आधीच आलं होतं. चौदाव्या वर्षी आलं, कारण भावांपैकी कुणाला ते उचलायचं नव्हतं. बँडचं नाव ‘स्टिल्टनर ब्रदर्स’. फलकावर ब्रदर्स, वर्तमानपत्रात ब्रदर्स, आणि मधोमध ही बहीण, माणसाएवढं लाकूड मिठीत धरून उभी. एक भाऊ ओहायोत मोटारींच्या कारखान्यात गेला, एक दारूत गेला. उरला थोरला गार्नेट. बँजोवाले, फिडलवाले बदलत राहिले, त्यांची नावंही आता कुणाला आठवायची नाहीत. ओर्फा दर शनिवारी बास गाडीत चढवायची, उतरवायची, आगीचा बंब ठेवायच्या हॉलमध्ये शनिवारचा नाच व्हायचा, त्या बंबाच्या हॉलच्या पायऱ्या चढवायची, पुन्हा उतरवायची. आठवडाभर शाळेच्या स्वयंपाकघरात घेवड्याची पातेली उचलायची, शनिवारी हे. नवरा होता तोवर एका बाजूने तो धरायचा. तो गेल्यावर दोन्ही बाजू तिच्याच.

साठी उलटली तेव्हा गुडघे गेले होते आणि डाव्या हाताची बोटं सकाळी मुठीतून उघडत नसत. गरम पाण्यात धरून एकेक सोडवावी लागत. सोडून द्यावं असं तिला रोज वाटायचं. पण जो नवा बासवाला येईल तो उंबऱ्यावर थांबायचा नाही. बास पळालं की गाणं पळालं. म्हणून आणखी एक शनिवार, आणखी एक शनिवार, असं चाललं होतं.

अशात नॅशव्हिलहून, रेकॉर्ड कंपन्यांच्या शहरातून, फोन आला. कुणीतरी माणूस गार्नेटची टेप ऐकून खूश झाला होता. त्याला एनॉसची गाणी हवी होती, गार्नेटच्याच आवाजात, चांगल्या स्टुडिओत. फक्त एक अट. ते मध्येच थांबणं काढायचं. रेडिओवर गाणं थांबलं की लोकांना वाटतं रेडिओ बिघडला.

गार्नेट ओर्फाच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. टोपीसुद्धा काढली नाही.

“सिस, आपण गाणी सरळ करू या.”

“सरळ म्हणजे?”

“दोन मात्रा तर आहेत. तू लगेच तोंड उघडायचं, बस. कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही.”

“तुझ्या लग्नात बायकोने दोन मात्रा उशिरा ‘हो’ म्हटलं होतं. अजून सांगतोस लोकांना.”

“चेष्टा सोड. सत्तरी आली माझी. जन्मभर बंबाच्या हॉलमध्ये गायलो, मक्याच्या ब्रेडवर आणि घेवड्यावर. एकदा तरी खोऱ्याबाहेर कुणी ऐकू दे की मला.”

मागणं खोटं नव्हतं. त्याचा आवाज चांगलाच होता, त्याचं चीज झालं नव्हतं हेही खरं.

“डॅडीची छाती डॅडीबरोबर पुरली आपण,” गार्नेट म्हणाला. “त्याचा खोकला मी कुठवर वाहू?”

खरं कारण ओर्फाच्या अगदी ओठांवर आलं. पण समोर गार्नेट होता. गार्नेटच्या पोटात कधी काही राहिलं नाही. माइक हातात आला की घरातलं सगळं बाहेर यायचं. बायकोचं ऑपरेशन, शेजाऱ्याचं कर्ज, ओर्फाचे नवे दात, सगळं लोकांनी स्टेजवरून ऐकलं होतं. आज त्याला सांगितलं असतं तर शनिवारी सगळ्या काउंटीने ऐकलं असतं, मम्मीची जीभ कशी अडायची ते, वर नक्कल करून. डॅडीने जन्मभर हसू आपल्या छातीवर घेतलं ते ह्यासाठी? मम्मी दुकानात न जाता गर्विष्ठ म्हणवून घेत राहिली ती ह्यासाठी?

न सांगावं तर उंबरा जात होता. सांगावं तर मम्मी जात होती. आणि ओर्फा दमली होती. सकाळचे पाचशे बिस्किटांचे गोळे लाटून आली होती, पाय सुजले होते.

“कर बाबा सरळ,” ती म्हणाली. “कॉफी घेणार का?”

शनिवारी हॉल भरलेला. मार्चमध्ये रानकांद्याचं गावजेवण असतं, तेव्हा दुपारपासूनच गर्दी. नाचाची पावलं माइकवरून पुकारायला होबर्ट ब्लँकनशिप, ऐंशीच्या घरातला, वरचे दात खिशात ठेवून. गार्नेटने ते नेहमीचं गाणं सुरू केलं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, तिसरी झाली, आणि बँड थांबला नाही.

ओर्फाने लगेच तोंड उघडलं. शब्द बाहेर आले, पण हॉटेलातली पोरगी ऑर्डर सांगते तसे. चुलीवर ठेवलंय झाकून, ये, घे, पुढचं गिऱ्हाईक कोण?

आणि हॉलमध्ये शंभर माणसं एका पायावर उभी.

टाचा उचललेल्या तशाच राहिल्या. गाणं निघून गेलं होतं, हे डोक्यांना कळलं पण पायांना कळेना. काहींनी घाईने पाय टेकला, काहींनी टेकलाच नाही. एक ओळ डावीकडे वळली, दुसरी उजवीकडे. पोस्टातली वायोमा आपल्या नवऱ्याला सोडून मेथॉडिस्ट पाद्र्याच्या हातात सापडली, आणि दोघांनाही सोडवेना. कुणीतरी जेवणाच्या टेबलावर आपटलं. घेवड्याचं पातेलं हललं, पडलं मात्र नाही.

होबर्टने माइकमध्ये विचारलं, “काय रे गार्नेट, चूल पेटली की काय घरात? एवढी कसली घाई?”

हॉल हसला. गार्नेटही हसला, पण दातांनीच. पुढचं कडवं त्याने पुन्हा सरळच घेतलं. लोक पुन्हा थांबले. कुणी मुद्दाम केलं असं नाही. सवय होती. तिसऱ्या कडव्याला नाचणारे बाजूला होऊन खुर्च्यांवर बसले आणि कांदे खाऊ लागले. स्टिल्टनर ब्रदर्स वाजवताहेत आणि लोक बसून खाताहेत, असं आजवर झालं नव्हतं.

नंतर मागच्या दाराशी गार्नेट गाडीची मागची फळी पाडून उभा होता. बास चढवायला त्याने हात लावला, म्हणजे तो किती चिडला होता ते समजून घ्या.

“तू मुद्दाम वाईट गायलीस.”

“नाही रे. आत यायला जागाच नव्हती.”

“जागा! दोन मात्रांची जागा! पिढ्यान्‌पिढ्या लोकांना एका पायावर उभं करायचं, का, तर म्हाताऱ्याला धाप लागायची!”

“ते गाणं बांधलं तेव्हा डॅडी तिशीतला होता,” ओर्फा म्हणाली. “खेचर अडलं की गाडी स्वतः ओढायचा.”

“मग?”

“मग काही नाही. धाप त्याला लागत नव्हती.”

“मग थांबा कुणासाठी ठेवला होता?”

ओर्फाने बासचं कापड सारखं केलं. दोरी बांधायला घेतली, बोटं वळेनात, सोडली. खाली ओढ्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती घरघरून बंद पडत होती, पुन्हा घरघरत होती. गार्नेट त्या आवाजाकडे बघत राहिला. गाडी एकदाची सुरू झाली आणि निघून गेली.

“मला एकदा मम्मीने रॉकेलचा डबा आणायला दुकानात पाठवलं होतं,” तो म्हणाला. आवाज एकदम वेगळा. “मी मोठा होतो, मला लाज वाटायला लागली होती. म्हटलं, तूच का जात नाहीस? गेली. मी बाहेरून दुकानाच्या खिडकीतून बघत होतो. काउंटरपाशी उभी राहिली, तोंड उघडलं, आणि तशीच परत आली. काहीच न घेता. रस्त्यात माझ्याशी बोलली नाही.” मग थोड्या वेळाने, “ती चौथी ओळ. एकटीने सुरू करायची.”

“दोरी बांध,” ओर्फा म्हणाली. “माझ्याच्याने होत नाही.”

त्याने बांधली. त्याच्या गाठी नेहमीच ढिल्या असत, ही घट्ट होती.

पुढचा आठवडा ओर्फाने कसाबसा काढला. नॅशव्हिलचं काय झालं ते तिने विचारलं नाही. तिला धास्ती शनिवारची होती. गार्नेटला कळलं होतं आणि शनिवारी गार्नेटच्या हातात माइक येणार होता. शाळेत दोनदा तिच्याकडून मीठ जास्त पडलं, मुलांनी बिस्किटं एकमेकांना फेकून मारली.

शनिवारी तो माइकपाशी गेला. गिटारचा पट्टा सारखा केला. ओर्फाने बासला घट्ट धरलं, म्हणजे बासनेच तिला धरलं म्हणा.

“मागच्या शनिवारी गाणं पळालं,” तो लोकांना म्हणाला. “पाद्रीबुवा, वायोमा, तुम्हा दोघांची माफी मागतो. आज पळणार नाही. बाहेरच्या एका माणसाने विचारलं, हा उंबरा कशाला? त्याला सांगितलं तेच तुम्हाला सांगतो.”

ओर्फाने डोळे मिटले.

“आमच्या डॅडीच्या छातीत कोळसा बसला होता,” गार्नेट म्हणाला. “तीन ओळी झाल्या की म्हातारा खलास. दम घ्यायला थांबायचा. आता सवय लागली, काय करता? ज्याला घाई असेल त्याने दुसरं गाणं शोधावं.”

लोक हसले. नेहमीचीच गोष्ट, नेहमीच्याच जागी हसले. गार्नेटने मागे वळून बघितलं नाही. तीन ओळी झाल्या, बँड थबकला, टाचा वर गेल्या. ओर्फाने त्या दोन मात्रा पुऱ्या घेतल्या. मग आत गेली.

नॅशव्हिलचं पुन्हा कधी काही कानावर आलं नाही. गार्नेट खोऱ्यातच राहिला, खोऱ्यातच पुरला गेला. कधी कधी दोन घोट घेतल्यावर तो म्हणायचा, “सिस, आज मी रेडिओवर असतो.” ती म्हणायची, “असतास, आणि मी घरी पाय वर करून पडले असते.” दोघांचंही खरं होतं.

गार्नेटच्या मागे त्याचा पुतण्या पुढे उभा राहू लागला. ओहायोचा असूनही थांबायला शिकला. ओर्फाला आता स्टूल लागायचं. बास दुसरेच कुणी उचलून आणत. चौथी ओळ तेवढी तिची होती. आवाज फाटला होता, पण वेळ चुकत नव्हती.

शनिवारच्या दुपारी ती दुकानात जायची. कंपनीचं दुकान केव्हाच बंद झालं होतं. आता पेट्रोलपंपाला जोडून जे आहे त्यात. तिथे काउंटरला वायोमाची सून असते, तिचं नावच जुनी. ती सांगते, शेवटच्या शनिवारीही ओर्फा आली, काही वेगळं नव्हतं. पायरीशी थांबली, गुडघा चोळला, दार ढकललं. कॉफी घेतली, पीठ घेतलं. दोन पिशव्या नकोत, एकीतच घाल म्हणाली, एक हात मोकळा पाहिजे. पाय कसे आहेत विचारलं तर म्हणाली, “आहेत तिथेच आहेत, तेवढं पुष्कळ.”

“आणखी काही?” जुनीने विचारलं.

ओर्फा काउंटरपाशी थोडी थांबली. ती नेहमीच थांबायची. जुनीला वाटायचं म्हातारी आठवतेय, म्हणून तीही घाई करायची नाही.

“पेपरमिंटची कांडी,” ओर्फा म्हणाली. “एकच.”

जुनीने बरणी पुढे केली. ओर्फाने न मोडलेली बघून घेतली, कागदात गुंडाळली, कोटाच्या खिशात ठेवली, वरून हात फिरवला. मग पिशवी उचलली आणि दार पाठीने ढकलून बाहेर पडली.